हॉलिस लॅडची बिनविरोध निवड

"यंदाची गावसभा जेवणाआधी आटपली नाही, तर हॉलिस लॅड हे नाव लावणार नाही!"

ही प्रतिज्ञा हॉलिसनं फेब्रुवारीतल्या एका सकाळी गावच्या दुकानात, टपालाच्या खिडकीपुढे उभं राहून केली. ऐकायला चार जण होते. दोघे बुटांवरचं बर्फ झटकत होते, तिसरा विकायला ठेवलेला पेपर फुकट वाचत होता, आणि चौथा होता डेल्बर्ट स्टर्न्स. हा डेल्बर्ट एकटाच चाळिसांच्या तोडीचा. त्याच्या कानावर पडलेलं वाक्य दुपारच्या आत दरीतल्या शेवटच्या गोठ्यापर्यंत पोचतं, आणि वाटेत अंगही धरतं.

"जेवणाआधी?" डेल्बर्ट म्हणाला. "अरे, गेल्या वर्षी दूध काढायची वेळ टळली म्हणून माझ्या गाई रस्त्यापर्यंत ऐकू येईल अशा हंबरत होत्या, तेव्हा कुठे तू हातोडी खाली ठेवलीस!"

"गेलं वर्ष गेलं. यंदा यंत्र येतंय."

"चालवणार कोण? तूच ना? मग मी गाईंना आत्ताच सांगून ठेवतो."

हॉलिस वर्षभर झाडं कापायच्या करवती दुरुस्त करायचा. नखांत ग्रीस, टोपीवर भुसा, आणि हाक मारायची तर "ए हॉलिस, झाली का माझी करवत?" अशी. पण मार्चच्या पहिल्या मंगळवारी तो लग्नातला कोट चढवायचा, वडलांनी सफरचंदाच्या लाकडातून घडवलेली हातोडी हातात घ्यायचा आणि पेल्टन गावच्या सभेचा सभापती व्हायचा. पगार शून्य. मान मात्र असा, की त्या दिवशी हॉलिसनं "बसा" म्हटलं की डॉक्टरनंसुद्धा बसायचं. रस्त्यावर किती खडी टाकायची, पुलाला कुठला रंग द्यायचा, सगळं गाव एकत्र बसून भांडायचं, आणि त्या भांडणाचा लगाम हॉलिसच्या हातात! बावीस वर्षं त्यानं तो धरला होता. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याच्या लांबलचक हिवाळ्यात करवतींना धार लावताना तो मनातल्या मनात "प्रस्तावाला अनुमोदन आहे का?" असं म्हणून बघायचा. तो एक मंगळवार काढून घेतला, तर हॉलिसजवळ उरणार काय? भुसा!

आणि तो मंगळवार जायच्या बेतात होता.

गेल्या वर्षी आगीच्या नव्या बंबाचा ठराव आला. तोंडी मत घेतलं, दोन्हीकडचा आवाज सारखाच. हात वर करायला लावले. आता हात मोजायचे म्हणजे माणसांनी जागेवर बसायला हवं. पण मागच्या भिंतीशी डोनटचं टेबल! एकदा हात मोजून झाला की माणूस उठून डोनट आणायला जायचा, आणि टेबलापाशी उभा असताना पुन्हा मोजला जायचा. गावच्या चिटणीस एव्हिस कोल्बी तीनदा मोजायला उठल्या, तीनदा निराळा आकडा घेऊन आल्या. शेवटी डोनट संपले तेव्हा हिशोब जुळला. तोवर अंधार पडायला आला होता. घरी जाताना लोक हॉलिसला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणत होते, "हॉलिस थकला आता."

म्हणून बिनतारी मतदानाचं यंत्र! ते निवडायला समिती नेमली. हॉलिस स्वतः, एव्हिसबाई आणि डेल्बर्ट. पेल्टनमध्ये जो सगळ्यांत जास्त कुरकुरतो त्याला समितीवर घालायची पद्धत आहे. हा मान नव्हे, शिक्षा आहे.

पहिलं यंत्र मोबाईलवर चालणारं होतं. विकणाऱ्या कंपनीनं फोनवर मोठ्या कौतुकानं सांगितलं, "काही विकत घ्यायला नको, प्रत्येकानं आपापला मोबाईल काढायचा!"

"रेंज लागते का त्याला?" एव्हिसबाईंनी विणकाम न थांबवता विचारलं.

"अर्थात!"

पेल्टनमध्ये रेंज फक्त दफनभूमीच्या टेकडीवर येते. डेल्बर्ट म्हणाला, "मग यंदा मतदान मेलेल्यांनाच करू दे. ती मंडळी निदान वेळेवर हजर असतात." पहिलं यंत्र बाद.

दुसरं फारच देखणं होतं. कुणी काय मत दिलं ते नावासकट पडद्यावर दिसायचं. डेल्बर्ट ताडकन उठला. "म्हणजे मी बंबाच्या विरोधात मत दिलं, आणि उद्या माझ्या गोठ्याला आग लागली, तर तो बंब येताना रस्ता चुकणार!" दुसरंही बाद.

तिसरं यंत्र घेऊन ग्रँट नावाचे गृहस्थ स्वतःच आले. हातात मोठी सुटकेस, पायात शहरी बूट. दारापासून सभागृहापर्यंतच्या चिखलातच त्यांचा निम्मा आत्मविश्वास रुतून बसला. सुटकेसमध्ये साबणाच्या वडीएवढे क्लिकर एकावर एक रचलेले, प्रत्येकावर दोन बटणं, हिरवं 'हो' आणि लाल 'नाही'. शिवाय पावाच्या लादीएवढा एक डबा. क्लिकर दाबला की मत हवेतून डब्यात, डब्यातून आकडा पडद्यावर. भाड्यानं मिळायचं, एका दिवसापुरतं.

डेल्बर्टनं परीक्षा सुरू केली. क्लिकर घेऊन तो तळघरातल्या स्वयंपाकघरात गेला, संडासात गेला, बाहेर बर्फाच्या ढिगामागे गेला. सगळीकडून मत पोचलं.

"लोकरीचा हातमोजा घालून दाबता येतं?"

"येतं."

"खाली पडलं तर?"

"काही होत नाही, साहेब."

"मेपलच्या पाकात पडलं तर?"

ग्रँटसाहेब थबकले. "पाकात कसं पडेल?"

"सभा मार्चमध्ये आहे, साहेब, मेपलचा रस आटवायच्या दिवसांत. तेव्हा आमच्याकडे सगळं कधी ना कधी पाकात पडतंच."

भाडं किती ते ऐकून डेल्बर्ट म्हणाला की एवढ्यात खडीचा ट्रक येतो. पण तो हे लग्नाच्या अंगठीलाही म्हणाला होता, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. यंत्र ठरलं.

ग्रँटसाहेब जाताना म्हणाले, "एक करा. सभेत सुरुवातीला एखादा सरावाचा प्रश्न घ्या. आज मंगळवार आहे का, असला काहीतरी. लोकांचा हात बसतो."

"आमच्या लोकांना मंगळवार कळतो," हॉलिस म्हणाला.

एव्हिसबाईंनी सुया थांबवल्या. सुया थांबल्या की गाव कान देतं. "हॉलिस, आजवर आपण एकमेकांचे हात बघून मत देत आलो. कुणी बघत नसताना ही माणसं काय करतील, कोण जाणे."

"खरं मत देतील, एव्हिस! आयुष्यात पहिल्यांदा!"

पेल्टनच्या सभेत मत देणं ही अंगमेहनत असायची. ओल्या लोकरीचा, लाकूड जळणाऱ्या शेगडीचा आणि तळघरात शिजणाऱ्या बीन्सचा मिळून एक वास सभागृहात भरलेला असायचा. तो वास आठवला की परगावी गेलेली पोरं फोनवर गप्प होतात. लाकडी घडीच्या खुर्च्या, कुणी हसलं की सगळी रांग करकरायची. "अनुकूल असतील त्यांनी हो म्हणा!" म्हटलं की असा "हो!" उठायचा की खिडक्यांच्या काचा थरथरायच्या आणि छपरावरचं बर्फ घसरून बाहेर बांधलेल्या कुत्र्यावर पडायचं. कुत्रं भुंकायचं. तेही एक मतच.

आणि शेगडीशेजारच्या खुर्चीत रॉस्को थर्बर. सभेचा पहिला विषय नेहमी सभापतीची निवड. नाव एकच, हॉलिस लॅड. सगळं गाव "हो!" म्हणून गर्जायचं. मग हॉलिस विचारायचा, "विरुद्ध?" मिनिटभर शांतता. आणि शेगडीच्या बाजूनं, गंजलेली बिजागरी उघडावी तसा एकच आवाज यायचा, "नाही!"

सभागृह हसून लोटपोट व्हायचं. मग सभा सुरू झाली असं समजायचं. पहिल्या वर्षी हॉलिसनं त्याला गाठून विचारलं होतं, "रॉस्को, माझं काय चुकलं?" म्हातारा म्हणाला, "अजून काहीच नाही. एकमतानं निवडून आलेल्या माणसाचं डोकं टोपीत मावत नाही, पोरा. तुझी टोपी चांगली आहे, ती वाचवतोय."

त्यामुळे एव्हिसबाई दरवर्षी 'बहुमताने निवड' असं लिहायच्या. 'एकमताने' कधीच नाही. आणि हॉलिस दरवर्षी घरी जाताना बायकोपाशी, लोर्नापाशी, फणफणायचा, "हा म्हातारा एक वर्ष तरी गप्प बसेल का?"

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी म्हातारा गप्प बसला. कायमचा. हॉलिसनं खांदा दिला, रडलाही. पण टेकडी उतरताना त्याच्या मनात हळूच आलं की यंदा एकमतानं! आणि त्याची त्यालाच इतकी लाज वाटली, की घरी जाऊन त्यानं थर्बरांची करवत फुकट दुरुस्त करून टाकली.

मंगळवार उजाडला. एव्हिसबाईंनी दारात प्रत्येकाच्या हातात क्लिकर ठेवला. व्यासपीठामागे पडदा म्हणून त्यांचीच पांढरी चादर टांगली होती. शेगडीशेजारची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर कुणी बसलं नव्हतं, आणि जागा धरायला कोटही टाकला नव्हता.

हॉलिसनं हातोडी आपटली. "गावसभेला सुरुवात! पहिला विषय, येत्या वर्षासाठी सभापतीची निवड. नावं सुचवा!"

"हॉलिस लॅड!" टपालखिडकीवरच्या बाई म्हणाल्या. अनुमोदन मिळालं. दुसरं नाव नाही.

"सराव..." एव्हिसबाई कुजबुजल्या.

"हाच सराव!" हॉलिसनं छाती काढली. "मंडळी, हॉलिस लॅडला निवडायचं असेल तर हिरवं, नसेल तर लाल. दाबा!"

सभागृहात विचित्र शांतता पसरली. गर्जना नाही, काचा नाहीत, कुत्रं नाही. सगळ्यांनी परीक्षेत पाटी लपवावी तसा क्लिकर हाताच्या आडोशाला धरला. कुणी टोपीखाली, कुणी विणकामाच्या पिशवीत, एकानं तर कोटाच्या आत हात घालून दाबला. दाबल्यावर बऱ्याच जणांच्या चेहऱ्यावर एक गोड, चोरटं हसू आलं. हॉलिसला वाटलं, यंत्र आवडलं लोकांना!

तो वळून ऐटीत चादरीकडे बघायला लागला.

हो, एकतीस. नाही, एकशे चोवीस.

हॉलिसनं चष्मा काढला, पुसला, लावला. आकडे तेच.

"एव्हिस, चादर उलटी टांगलीस का?"

"चादरीला उलटं-सुलटं नसतं, हॉलिस."

"मग रंग! रंग बदलले असतील!"

ग्रँटसाहेब मागच्या रांगेतून धावत पुढे आले. त्यांनी सगळ्यांना हिरवं दाबायला सांगितलं. चादरीवर एकूण एक 'हो'. लाल दाबायला सांगितलं. एकूण एक 'नाही'.

"यंत्र ठणठणीत आहे, साहेब," ग्रँटसाहेब म्हणाले. "बिघाड यंत्रात नाही."

"मग कशात आहे?"

ग्रँटसाहेबांनी विकण्याच्या धंद्यात आयुष्य काढलं होतं. ते छताकडे बघायला लागले.

हॉलिसनं सभागृहाकडे पाहिलं. एकशे पंचावन्न माणसं आपापले बूट तपासत होती. बावीस वर्षं! यांच्या करवती, यांची भांडणं, यांच्या खडीचे वाद. आणि हे सगळे पोटात 'नाही' घेऊन 'हो' ओरडत होते! त्याचे कान तापले. त्यानं हातोडी अलगद टेबलावर ठेवली, झोपलेल्या पोराला खाटेवर ठेवावं तशी, आणि व्यासपीठाच्या कडेला जाऊन उभा राहिला. उभं कुठं राहावं हेही त्याला कळेना. बावीस वर्षांत त्याला सभागृहात खुर्चीच लागली नव्हती.

"हे पुन्हा घेता येईल ना?" कुणीतरी चाचरत म्हणालं.

"का म्हणून?" डेल्बर्ट सवयीनं उठला. "बंबाच्या वेळी मी पुन्हा मोजा म्हटलं, तर हाच म्हणाला, निकाल म्हणजे निकाल!"

"बरोबर आहे," हॉलिस म्हणाला. "निकाल म्हणजे निकाल. दुसरं नाव सुचवा."

इथून खरी पंचाईत सुरू झाली. टपालवाल्या बाईंनी रस्त्यांच्या मुकादमाचं नाव सुचवलं. मुकादम म्हणाला, त्याला उभं राहून बोलता येत नाही. त्यानं शाळेच्या बसवाल्याचं सुचवलं. बसवाला म्हणाला, तो दिवसभर चाळीस पोरांना "बसा" म्हणतो, सुट्टीच्या दिवशी पुन्हा तेच? मग कुणाला तरी डेल्बर्ट आठवला.

"मी?" डेल्बर्ट खरोखर घाबरला. "मी सभापती झालो तर सभापतीशी भांडणार कोण?"

तेही नाव मागे पडलं.

इतक्यात तळघराच्या जिन्यावरून आवाज आला, "वरती काय चाललंय? बीन्स तळाला लागतायत! जेवणाची सुट्टी जाहीर करा!"

"सुट्टी फक्त सभापती देऊ शकतो," एव्हिसबाई म्हणाल्या.

"मग द्या म्हणावं!"

"सभापती नाहीये."

"नाहीये म्हणजे? हॉलिस कुठे गेला?"

गूळ लावून मंद आचेवर रात्रभर शिजवलेल्या बीन्सचा वास वर येत होता, आणि त्या वासाला आता जळकी कडा लागली होती. पेल्टनची माणसं कर वाढला तर सोसतील, पूल वाहून गेला तर सोसतील. पण बीन्स?

एव्हिसबाईंनी सभेच्या नियमांचं जाडजूड पुस्तक उघडलं. "एक वाट आहे. पुढचा विषय निघायच्या आत फेरविचाराचा प्रस्ताव आणता येतो. मग पुन्हा मत घेता येईल."

"मी आणतो!" पाचपंचवीस आवाज एकदम आले.

"थांबा. तो प्रस्ताव फक्त जिंकलेल्या बाजूचा माणूसच मांडू शकतो." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे ज्यानं लाल दाबलं त्यानं. उभं राहून तसं सांगून."

पाचपंचवीस जण एकदम खाली बसले. खुर्च्या करकरल्या आणि गप्प झाल्या. कुणाच्या तोंडावर माशी बसली असती तरी त्यानं हाकलली नसती. हॉलिस कडेला उभा, हात कुठे ठेवावेत ते न कळून खिशात, मग पाठीमागे, मग पुन्हा खिशात. त्याला सगळ्यांत जास्त लागलं ते हे. विरोध केला तर केला, पण तोंडावर सांगायलाही कुणी तयार नाही!

डेल्बर्ट उठला. सभागृहानं सुटकेचा श्वास सोडला. गावात हॉलिसच्या विरोधात कोण, तर डेल्बर्ट! यात विचारायचं काय?

"मी आनंदानं मांडला असता," डेल्बर्ट खाली बघत म्हणाला, "पण मला येत नाही. मी हिरवं दाबलंय."

"तू?" हॉलिसच्या तोंडून निघालं.

"ओरडू नकोस! कुणी बघतच नव्हतं, तर विरोध करून उपयोग काय?" डेल्बर्ट लालबुंद होऊन खाली बसला. पन्नास वर्षांची कीर्ती एका बटणात गेली होती.

आता बीन्सचा वास नुसता जळका उरला होता. तिसऱ्या रांगेत एक खुर्ची करकरली. लोर्ना लॅड उठली, स्वेटर खाली ओढून सरळ केला आणि व्यासपीठाकडे न बघता म्हणाली, "मी लाल दाबलंय. फेरविचाराचा प्रस्ताव मी मांडते."

लग्नाच्या बायकोनं!

हॉलिसनं व्यासपीठाचा कठडा धरला. सभागृहात आधी एक खोल "आँ" झालं. मग कुणीतरी फिस्सकन हसलं. मग टपालवाल्या बाई उठल्या. त्यांचा चेहरा रडवेला झाला होता.

"मीपण लाल दाबलंय. हॉलिस, तुझ्यावर राग नाही रे! रॉस्को नाही ना यंदा. त्याचं ते 'नाही' कुणीच म्हटलं नाही तर बरं दिसणार नाही, असं वाटलं. एकटीनं दाबलं तर कुणाला कळतंय!"

"एकटीनं?" मुकादम उठला. "अहो, मला वाटलं, हे सुचलंय फक्त मलाच!"

"मलाही!" बसवाला म्हणाला. "म्हटलं, तुझं डोकं टोपीत राहावं."

मग रांगांमागून रांगा उठल्या. बाप उठले, पोरं उठली, चर्चचे पाद्री उठले. डॉक्टर उठला. प्रत्येकाला वाटलं होतं की म्हाताऱ्याची जागा आपण एकट्यानं गुपचूप भरून काढावी. एकशे चोवीस जणांनी मिळून एकच खुर्ची भरली होती, आणि हॉलिसला तिच्याखाली चिरडलं होतं! खाली बसलेल्या एकतिसांना स्वतःचीच लाज वाटायला लागली, हे आपल्याला कसं सुचलं नाही म्हणून. डेल्बर्ट तर तोंड लपवत होता.

एव्हिसबाई टेबलाआड नाक शिंकरत होत्या. त्यांनी काय दाबलं ते त्यांनी सांगितलं नाही. चिटणीस सांगत नसतात.

"क्लिकर खाली ठेवा," त्या म्हणाल्या. "तोंडानं घ्या आता. अनुकूल?"

"हो!!"

काचा थरथरल्या. छपरावरचं बर्फ धाडकन घसरलं. बाहेर कुत्रं भुंकलं.

"विरुद्ध?"

सगळ्या माना नकळत शेगडीकडे वळल्या. आत एक ओंडका तडकला. त्याखेरीज आवाज नाही. हॉलिस वाट बघत राहिला, नेहमीपेक्षा जरा जास्तच. एकमतानं निवडून आल्यावर इतकं ओकंबोकं वाटत असेल, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानं हातोडी उचलली. टेबलावर आपटली आणि जाहीर केलं, "जेवणाची सुट्टी!"

म्हणजे प्रतिज्ञा मोडली. जेवणाआधी पहिला विषय जेमतेम संपला होता. करपलेले बीन्स मात्र सगळ्यांनी दुसऱ्यांदा मागून खाल्ले. दुपारी क्लिकर घोड्यासारखे धावले. खडी, पूल, शाळा, सगळे आकडे चुटकीसरशी. शेवटी डेल्बर्टनं उपसूचना मांडली: पैशाची मतं बटणानं घ्यावीत, माणसं निवडायची ती तोंडानं. ती मंजूर झाली. आयुष्यात पहिल्यांदा डेल्बर्टची सूचना मंजूर झाल्यामुळे तो बराच वेळ गोंधळल्यासारखा उभा होता. ग्रँटसाहेबांनी क्लिकर सुटकेसमध्ये भरले. चार पाकानं चिकटलेले निघाले.

उजेड असतानाच हॉलिस आणि लोर्ना ट्रकमधून घरी निघाले. रस्त्याचा नुसता चिखल झाला होता. मेपलच्या बुंध्यांना लावलेल्या बादल्यांत रस टपकत होता. हॉलिसनं गळा साफ केला.

"लोर्ना, तू पहिली उठलीस. सगळ्यांसमोर. माझ्यासाठी." त्यानं एक खड्डा अलगद चुकवला. "आणि रॉस्कोसाठीही तुला तेवढंच वाटलं..."

"रॉस्कोसाठी?" लोर्ना खिडकीतून बाहेर बघत होती. "नाही बाई. त्याचं माझ्या डोक्यातही नव्हतं."

ट्रक एका खड्ड्यात आदळला.

"म्हणजे?"

"म्हणजे मी मनापासून लाल दाबलं. बावीस वर्षं, हॉलिस! बावीस वर्षं तू वर, आणि मी खाली व्हर्ना पीबडीशेजारी. दरवर्षी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिच्या पित्ताशयाची गोष्ट! काढून टाकलंय ते कधीच, पण गोष्ट संपत नाही. म्हटलं, एकदा हरलास तर माझ्याशेजारी येऊन बसशील. डोनट अर्धा अर्धा खाऊ."

हॉलिसनं ट्रकचा वेग कमी केला. सभेत त्याच्यावर अशी वेळ कधी आली नव्हती. तिथं एव्हिस असायची, नियमांचं पुस्तक असायचं.

"मग फेरविचार कशाला मांडलास?"

"तुझं तोंड बघवेना. आणि बीन्स करपत होते."

वाट घराच्या वळणाला लागली. हॉलिसनं शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, "पुढच्या वर्षी नाही ना दाबणार?"

"कसं दाबणार? माणसं तोंडानं निवडायची ठरलंय ना आता," लोर्ना म्हणाली. तिनं पिशवीतून कागदात गुंडाळलेला डोनट काढला, मोडला, आणि मोठा तुकडा त्याच्या हातावर ठेवला. "मोठ्यानं सांगेन."